स्क्वॉटसाठी बूट घेण्याआधी उकिडवं बसून बघा

अनवाणी उभे राहा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, बोटं थोडी बाहेर वळलेली. आता हात समोर धरून सावकाश उकिडवे बसा, मांड्या पोटऱ्यांना टेकेपर्यंत. टाचा जमिनीवर आहेत का? असतील तर तिथे अर्धा मिनिट निवांत बसता येतंय, की तोल मागे जातोय? आणि टाचा उचलल्या गेल्या असतील तर कुठे उचलल्या: अर्ध्या वाटेवर, की अगदी शेवटच्या चार बोटांत?

वेटलिफ्टिंगचा, म्हणजे उंच आणि कडक टाचेचा, बूट घ्यावा का आणि कोणता घ्यावा, याचं अर्धं उत्तर या एका मिनिटात मिळतं. जिममध्ये मात्र बहुतेकांचा प्रवास उलटा होतो. आधी कंपनी ठरते, मग रंग, मग किंमत, आणि आपल्या घोट्याला नक्की काय हवंय हा प्रश्न बूट घरी आल्यावर पडतो. आयात केलेला चांगला जोड दहा हजारांच्या पुढे सहज जातो. एवढे पैसे घालण्याआधी बूट करतो काय, हे नीट समजून घेतलेलं बरं.

टाच उचलली जाते ती का

स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार (वजनं लावलेला दांडा) खांद्यावर घेऊन बसण्या-उठण्यात, वर जा की खाली, एक अट कायम असते. बार आणि शरीर यांचं एकत्रित वजन पावलाच्या मधोमध राहायला हवं, म्हणजे साधारण बुटाच्या लेस बांधतो त्याच्या खाली. ते पुढे सरकलं की आपण चवड्यावर येतो, मागे सरकलं की मागे कोसळतो. खाली जाताना कंबर मागे जाते, तेव्हा तोल साधायला गुडघे पुढे जावेच लागतात. गुडघे पुढे जायचे तर नडगी पावलावर झुकायला हवी, आणि हे झुकणं होतं घोट्यात. पूर्ण खोल स्क्वॉटमध्ये नडगी उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंश पुढे येते.

घोटा त्याआधीच अडला तर शरीर थांबत नाही, पळवाट काढतं. कुणाची टाच उचलली जाते. कुणाची टाच जमिनीवर राहते, पण धड पुढे वाकतं आणि स्क्वॉटचं ‘गुड मॉर्निंग’ (बार खांद्यावर घेऊन कमरेत वाकायचा व्यायाम) होऊन सगळा भार कमरेवर येतो. तिसरी पळवाट चटकन दिसत नाही: पावलाची कमान आतल्या बाजूला ढासळते, त्यामागोमाग गुडघे एकमेकांकडे येतात. मोबाइल जमिनीलगत ठेवून, फक्त पावलं दिसतील असा समोरून व्हिडिओ काढा. तळाशी पोचताना घोट्याच्या आतलं हाड खाली-आत सरकताना दिसलं, तर ‘माझ्या टाचा टेकतात’ या समाधानाला फारसा अर्थ नाही.

घोटा किती अडतोय ते मोजायला एक सोपी चाचणी आहे. भिंतीकडे तोंड करून एक पाय असा ठेवा की अंगठ्याचं टोक भिंतीपासून १० सेंटिमीटरवर येईल. टाच न उचलता त्या पायाचा गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर घोटा स्क्वॉटपुरता मोकळा आहे. नाही टेकला तर पाऊल थोडं थोडं पुढे घेत जा आणि जिथे टेकेल तिथलं अंतर लिहून ठेवा. दोन्ही पायांचं वेगळं मोजा. ज्याचा एक पाय पूर्वी जोरात मुरगळला आहे, त्याच्या दोन पायांत दोनेक सेंटिमीटरचा फरक निघू शकतो. या चाचणीत एक सेंटिमीटर म्हणजे घोट्यातले साधारण साडेतीन अंश.

मोजताना अडतंय कुठे याकडेही लक्ष द्या. पोटरीच्या खालच्या भागात ताण जाणवत असेल तर स्नायू आखडलेला आहे, आणि तो काही महिन्यांच्या नेटाने सैल होतो. घोट्याच्या पुढच्या बाजूला, लेस बांधतो त्याच्या वर, चिमटा बसल्यासारखं होत असेल तर अडथळा सांध्यात आहे. तिथे ताण देऊन फार काही हाती लागत नाही, आणि अशा माणसाला बुटाच्या उंच टाचेचा फायदा सगळ्यात जास्त होतो.

तालमीतली बैठक आणि बुटाची टाच

तालमीत बैठका मारणाऱ्याच्या पायांकडे बघा. खाली जाताना तो टाचा उचलून चवड्यांवर येतो, वर येताना टाचा टेकवतो. घोट्याने पुढे झुकायचा प्रश्नच मिटतो, गुडघे मोकळे पुढे जातात, धड ताठ राहतं. शरीराच्याच वजनावर शेकड्यांनी बैठका मारायच्या असतात, तेव्हा हे उत्तम चालतं. पण खांद्यावर ८० किलोचा बार आला की चवड्याएवढ्या लहान जागेवर तोल धरणं अवघड होतं. बैठकीत शरीर आपणहून जो उतार तयार करतं, तोच उतार वेटलिफ्टिंगचा बूट देतो. फरक इतकाच की टाच हवेत राहत नाही, तिच्याखाली ठोस ठोकळा येतो आणि वजन पूर्ण तळव्यावर पसरतं.

उतार किती मिळतो त्याचा ढोबळ हिशोब करता येतो. टाचेच्या मध्यापासून चवड्यापर्यंतचं अंतर मोठ्या माणसात साधारण १५ सेंटिमीटर धरू. टाच २० मिलिमीटरने वर गेली की पावलाला साडेसात अंशांच्या आसपास उतार मिळतो. भिंतीच्या चाचणीच्या भाषेत बोलायचं तर जवळपास २ सेंटिमीटर फुकट मिळाले. म्हणजे ज्याचा गुडघा आठ सेंटिमीटरवर टेकतो, त्याला २० मिलिमीटरचा बूट दहाच्या घरात नेऊन ठेवतो. ज्याचा गुडघा चार सेंटिमीटरवरच अडकतो, त्याला बूट मदत करेल, पण घोट्यावर मेहनत केल्याशिवाय पूर्ण खोली मिळणार नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. कामाची उंची म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. टाचेखाली ३२ मिलिमीटर आणि चवड्याखाली १२ मिलिमीटर असेल तर खरा उतार २० मिलिमीटरचाच. काही विक्रेते टाचेची एकूण उंची लिहितात, काही हा फरक लिहितात, आणि वाचणारा दोन वेगळ्या मापांची तुलना करत बसतो. बहुतेक वेटलिफ्टिंग बुटांत हा फरक १५ ते २२ मिलिमीटर असतो. नायकीचा ‘रोमॅलिओस’ २० मिलिमीटरचा, रीबॉकचा ‘लेगसी लिफ्टर’ २२ च्या आसपास, आदिदासचा ‘पॉवरलिफ्ट’ यांच्यापेक्षा बुटका. आणि नावावर जाऊ नका. ‘पॉवरलिफ्ट’ हे नाव वाचून कुणी तो डेडलिफ्टसाठी (जमिनीवरचा बार उचलून उभं राहण्यासाठी) सपाट बूट समजून मागवतो, पण त्यालाही टाच आहेच.

कोणती उंची कुणाला? भिंतीच्या चाचणीत ७ ते १० सेंटिमीटर आणि अंगकाठी सर्वसाधारण असेल तर १५ ते २० मधलं काहीही चालतं. मांडीचं हाड धडाच्या मानाने लांब असेल, किंवा घोटा सांध्यातच अडत असेल, तर २० च्या खाली जाऊ नका. लांब मांडीच्या माणसाची कंबर तळाशी खूप मागे जाते, म्हणून त्याला जास्त वाकावं लागतं. टाच उंचावली की त्याचं वाकणं थोडं कमी होतं. थोडंच. बूट घातला म्हणून लांब मांडीचा माणूस एकदम खांबासारखा ताठ बसू लागेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

धावण्याचे बूट इथे का चालत नाहीत

‘माझ्या रनिंग शूजलाही टाच आहेच की,’ असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे. धावण्याच्या पुष्कळ बुटांत ८ ते १२ मिलिमीटरचा उतार असतो. पण तो फोमचा असतो, आणि फोमचं कामच दबणं हे आहे.

मऊ तळाने ‘ताकद वाया जाते’ असं सर्रास सांगतात, ते जरा ढिलं बोलणं आहे. फोम पूर्ण दबला की खालचा जोर जमिनीपर्यंत पोचतोच. खरी अडचण अशी की फोम सगळीकडे सारखा दबत नाही. वजन किंचित आत गेलं की आतली कड जास्त दबते, ती दबली की पाऊल आणखी आत कलतं आणि गुडघा त्याच्या मागे जातो. प्रत्येक उठबशीला तळ वेगळा लागतो. गादीवर उभं राहून भरलेला हंडा डोक्यावर घेण्यासारखं आहे ते: हंडा उचलला जाईलही, पण अर्धं लक्ष पाय सावरण्यात जाईल. शिवाय भाराखाली टाच चवड्यापेक्षा जास्त दबली की जो उतार होता तोही कमी होतो. म्हणजे कागदावर १० मिलिमीटर, आणि बारखाली त्याहून कमी.

हाच न्याय जमिनीलाही लागू होतो. पुष्कळ लहान जिममध्ये कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकात एक अडकणाऱ्या फोमच्या मॅट अंथरलेल्या असतात. त्यावर कडक टाचेचा बूट घालून स्क्वॉट केला तर आख्खा बूटच मॅटमध्ये रुततो. कडक रबरी फरशी किंवा लाकडी फळी असलेली जागा शोधा. तशी जागा नसेल तर रॅकपुढची (बार ठेवायच्या चौकटीपुढची) एक मॅट उचलून बाजूला ठेवायची परवानगी घ्या. गुळगुळीत टाइलवर मात्र सावध राहा, तळाला खडूची पूड किंवा धूळ लागली असेल तर पाय सरकतो.

तुम्ही करता काय, त्यावर ठरतं

ऑलिम्पिक वेटलिफ्टिंग करणाऱ्यांनी फार विचार करायची गरज नाही, टाचेचा बूट हवाच. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात ११३ किलोचा स्नॅच मारला. शरीराच्या दुप्पट वजन डोक्यावर सरळ हातांनी तोलून तळापासून उठायचं, म्हणजे धड जवळजवळ उभं हवं आणि गुडघे भरपूर पुढे हवेत. धड थोडं जरी पुढे कललं तरी बार समोर पडतो. क्लीन (बार जमिनीवरून खांद्यांपर्यंत उचलणं), फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांच्या पुढे) आणि ओव्हरहेड स्क्वॉट (बार डोक्यावर) यांनाही तेच लागू होतं. फ्रंट स्क्वॉटमध्ये तळाशी कोपरं खाली पडत असतील तर दर वेळी मनगटांना दोष देऊ नका. घोटा अडल्यामुळे धड पुढे येतं, आणि कोपरं त्याच्या मागोमाग खाली येतात.

मागचा स्क्वॉट दोन प्रकारे होतो. बार मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या फुगवट्यावर असेल तर तो हाय बार. त्यात धड ताठ, गुडघे पुढे, आणि टाचेचा फायदा स्पष्ट दिसतो. बार दोन-तीन इंच खाली, खांद्याच्या मागच्या स्नायूंवर असेल तर तो लो बार. त्यात कंबर मुद्दाम मागे नेतात, नडगी बरीच उभी राहते, घोट्याला फार वाकावं लागत नाही. पाय रुंद ठेवून लो बार करणाऱ्याला सपाट, कडक तळाचा बूट पुरतो. मध्यम अंतर ठेवणाऱ्याने दोन्ही करून बघावेत. पॉवरलिफ्टिंगमध्ये (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांच्या खेळात) दोन्ही प्रकारचे बूट घालून मोठी वजनं उचलली जातात, तिथे एकच बरोबर असं काही नाही.

डेडलिफ्ट टाचेच्या बुटात करू नका. जाड तळामुळे तुम्ही जमिनीपासून वर जाता, म्हणजे बार तेवढा जास्त उचलावा लागतो. शिवाय उतारामुळे वजन चवड्याकडे ढकललं जातं, आणि बार नडगीपासून सुटून पुढे झुलायला लागतो. डेडलिफ्टला जितका पातळ आणि सपाट तळ तितका चांगला. त्यासाठी महागडं काही लागत नाही. शाळेच्या पीटीच्या तासाला घालायचो ते पांढरे कॅनव्हासचे बूट आतली मऊ गादी काढून वापरा, काम होतं. कुस्तीचे बूटही उत्तम. सुमो पद्धतीने, पाय खूप रुंद ठेवून उचलत असाल तर तळाची पकड आधी तपासा, कारण तिथे पाऊल बाहेरच्या बाजूला सरकायला बघतं.

बेंच प्रेसमध्ये (बाकावर पडून बार वर ढकलताना) पाय मागे ओढून पाठीची कमान करणाऱ्यांना टाचेचा बूट सोयीचा पडतो. स्पर्धेत संपूर्ण पाऊल जमिनीवर टेकलेलं लागत असेल, तर टाचेखालचे ते २० मिलिमीटर तिथे कामी येतात. उभ्याने ओव्हरहेड प्रेसला कडक तळ आवडतो, टाच असो वा नसो.

आणि ज्यांचा व्यायाम मिसळीसारखा असतो, थोडे स्क्वॉट, थोड्या उड्या, मध्येच दोरी, मध्येच चारशे मीटर धावणं, त्यांनी वेटलिफ्टिंगचा बूट घेऊन स्वतःचे हाल करून घेऊ नयेत. तो बूट फारसा वाकत नाही, त्यात धावता येत नाही आणि उडी मारून उतरताना घोटा मुरगळण्याची भीती असते. क्रॉसफिटसाठी मिळणारे, चारेक मिलिमीटर उताराचे, बऱ्यापैकी कडक टाचेचे बूट त्यांच्यासाठी आहेत.

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरणार असाल तर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात बुटाच्या तळाची उंची कुठेही ५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही, आणि अनवाणी उचलता येत नाही. बाजारातले सर्वसाधारण बूट या मर्यादेत बसतात. घरी उंची वाढवून घेतलेला बूट मात्र मोजून न्या.

बूट हातात घेतल्यावर

दुकानात बूट मिळाला तर पायात घालण्याआधी हाताने तपासा. टाचेच्या बाजूला अंगठा पूर्ण जोराने दाबा. खळगा पडता कामा नये. मग टाच टेबलावर आपटा. कडक प्लास्टिकची किंवा लाकडाची टाच ‘टक’ असा कोरडा आवाज करते, फोमची ‘धप’ करते. बूट सपाट काचेवर किंवा ओट्यावर ठेवून वरून चारी बाजूंनी दाबा. जरासुद्धा डुगडुगला तर परत द्या, दुसरा जोड मागा. शेवटी दोन्ही हातांनी बूट पिळून बघा. चवड्याजवळ तो वाकायला हवा, कारण जर्कमध्ये (बार खांद्यांवरून डोक्यावर नेताना) एक पाय मागे टाकताना बोटं वाकतात. मधल्या भागात मात्र तो वळता कामा नये.

टाच कशाची आहे याला महत्त्व आहे. टीपीयू नावाचं कडक प्लास्टिक आज सगळ्यात जास्त दिसतं. ते दबत नाही, पाण्याला दाद देत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. लाकडी किंवा चामड्याचे थर चिकटवून केलेली टाचही तितकीच ठोस, फक्त दमटपणापासून जपावी लागते. स्वस्त बुटांत घट्ट दाबलेला ईव्हीए फोम असतो. शंभर-सव्वाशे किलोपर्यंत स्क्वॉट करणाऱ्याला तो पुरतो, आणि सुरुवात करणाऱ्याने यात कमीपणा मानू नये. त्याच्यावर भार जास्त दिवस पडला की तो हळूहळू चेपतो, आणि चालताना ज्या बाजूला जास्त भार पडतो त्या बाजूला आधी. टाचेवर बारीक आडव्या सुरकुत्या दिसायला लागल्या की त्याचे दिवस भरत आले.

चवड्याच्या वरून जाणारा पट्टा कशासाठी असतो? खाली बसताना पाऊल पसरतं आणि बुटात पुढे-बाजूला सरकतं, ते सरकणं थांबवायला. एक पट्टा पुरे, दोन असले म्हणून दुप्पट फायदा नाही. पट्टा इतका आवळू नका की बोटांना मुंग्या येतील. आणि बूट मुळात सैल असेल तर पट्टा ओढून तो मापाचा होत नाही, नुसता पावलाच्या वरच्या भागावर वळ उठतो.

माप

संध्याकाळी मोजा, तोवर पाय थोडा फुगलेला असतो. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, जिमचे मोजे घालून टाच भिंतीला टेकवून उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. बरेचदा ते अंगठ्याशेजारचं बोट असतं, फक्त अंगठा मोजून फसू नका. चवड्याची रुंदीही मोजा. दोन पायांत फरक असतोच, मोठ्या पायाचं माप धरा. त्यात ५ ते ८ मिलिमीटर मिळवा. धावण्याच्या बुटात आपण याहून जास्त मोकळीक ठेवतो. इथे ती नको, कारण बुटाच्या आत पाऊल हललं की सगळा कडकपणा फुकट.

मागवताना सेंटिमीटरचं माप बघा. यूके आणि यूएस आकड्यांचा मेळ कंपनीगणिक बदलतो: नायकीत दोन्हींत एका मापाचा फरक धरतात, आदिदासमध्ये अर्ध्याचा. ‘मला नऊ नंबर येतो’ या भरवशावर चुकीचा जोड येतो तो यामुळेच.

आपल्याकडे चपला घालून वाढलेल्यांचे चवडे बरेचदा रुंद असतात, आणि परदेशी वेटलिफ्टिंग बूट पुष्कळदा अरुंद. लांबी बरोबर पण करंगळीकडे बूट चावतोय, अशा वेळी अर्धा नंबर वाढवणं हा कामचलाऊ उपाय आहे. त्याने टाच मागे सैल पडते. रुंद साच्याचा दुसरा बूट शोधणं चांगलं. कडक बूट ‘वापरून सैल होईल’ ही आशा चामड्याच्या बाबतीत थोडी खरी ठरते, कृत्रिम कापडाच्या बाबतीत जवळजवळ नाही.

घरी आल्यावर सतरंजीवर घालून बघा, म्हणजे परत करायची वेळ आली तर तळ स्वच्छ राहील. दहा रिकामे स्क्वॉट करा, तळाशी पाच सेकंद थांबा. मग रॅकमधून बार घेऊन मागे येतो तशी तीन पावलं मागे चाला. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा. तळाशी बोटं पुढे आदळत असतील तर लहान. तळाशी बोटं पसरता येत नसतील तर अरुंद.

बूट नसेल तर

टाचेखाली सव्वा किंवा अडीच किलोची प्लेट ठेवून स्क्वॉट करताना तुम्ही पाहिलं असेल. चाचणी म्हणून हे छान आहे. दोन प्लेटवर टाचा ठेवून स्क्वॉट एकदम सोपा झाला, तर बुटाने फायदा होणार हे कळलं. पण रोजच्या वजनासाठी नको. टाच प्लेटवर, चवडा जमिनीवर आणि मधलं पाऊल अधांतरी राहतं. शिवाय रॅकमधून बार घेऊन मागे येताना न बघता दोन्ही टाचा त्या प्लेटवर टेकवायच्या असतात, तिथेच पाय चुकतो. त्यापेक्षा १० ते १५ अंशांची लाकडी उतरती फळी सुताराकडून करून घ्या. दोन्ही पावलं पूर्ण मावतील इतकी रुंद, वर खडबडीत रबर चिकटवलेलं, खालीही रबर. गॉब्लेट स्क्वॉटसारख्या हलक्या कामाला ती बुटापेक्षाही सोयीची पडते, डंबेल हातात असल्याने मागे चालत यावं लागत नाही.

बुटाच्या आत टाचेखाली पट्टी घालणं १० मिलिमीटरपर्यंत ठीक आहे. त्यापुढे टाच बुटाच्या मागच्या पकडीतून वर निघते. मोच्याकडून सपाट बुटाला टाच लावून घेणार असाल तर कडक रबराची शीट सांगा, स्पंजची नको. टाच बुटाच्या रुंदीइतकी किंवा किंचित जास्त हवी, मागची कड गोल करू देऊ नका, आणि दोन्ही बुटांची उंची घरी पट्टीने मोजा. एका बाजूला ३ मिलिमीटर जास्त असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, कमरेला मात्र कळतं.

पहिले तीन आठवडे

नवा बूट घालून पहिल्याच दिवशी नेहमीचं वजन लावणं ही सगळ्यात मोठी चूक. सुरुवात २० किलोच्या रिकाम्या बारने करा, आणि पहिला आठवडा नेहमीच्या वजनाच्या साठ टक्क्यांवर थांबा. तीन आठवड्यांत पूर्ण वजनावर या. कारण असं की गुडघे आता आधीपेक्षा पुढे जातात, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीवर) भार वाढतो. स्नायू दोन-चार दिवसांत सरावतात. कंडरेला वेळ लागतो.

दुसरी गडबड तोलाची. टाच उंचावल्यामुळे पहिल्या काही दिवसांत माणूस चवड्यावर ढकलला जातो, उठताना कंबर आधी वर जाते. उपाय म्हणून ‘टाचेवर बस’ असं सांगतात, त्याने वजन उलट खूप मागे जातं. टाच, अंगठ्याचा खालचा उंचवटा आणि करंगळीचा खालचा उंचवटा या तिन्ही ठिकाणी सारखा दाब ठेवा. बुटात हा दाब स्पष्ट जाणवतो, कडक तळाचा हा मोठा फायदा.

तिसरी गोष्ट खोलीची. अचानक पूर्वीपेक्षा चार बोटं खाली जाता येतं, आणि तिथे कंबर आत वळायला लागते. जिथपर्यंत कंबर स्थिर राहते तिथेच थांबा. नव्या खोलीवर जुनं वजन लगेच पेलणार नाही.

गुडघ्याच्या वाटीभोवती आधीपासून दुखणं असेल तर टाचेचा बूट ते वाढवू शकतो. अशा वेळी फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच घ्या, आणि घेतला तरी १५ मिलिमीटरच्या आसपासचा. घोटा सैल करायचं कामही सुरूच ठेवा. भिंतीची ती चाचणीच व्यायाम म्हणून वापरता येते: प्रत्येक पायाने दहा-दहा वेळा, दोनदा, वॉर्मअपमध्ये. महिन्याने अंतर पुन्हा मोजून लिहून ठेवा.

पावसाळा आणि बूट

मुंबई-कोकण-गोव्याकडे बूट वापरून खराब होतात त्याहून ठेवून जास्त खराब होतात. पीयू नावाचा पदार्थ काही बुटांच्या तळात असतो. दमट हवेतली वाफ त्याचे धागे तोडत जाते, आणि चार-पाच वर्षं खोक्यात जपून ठेवलेला कोरा बूट पहिल्याच दिवशी भाकरीसारखा तुकडे तुकडे होतो. सवलतीत मिळणारा जुना माल घेताना म्हणून तळ दाबून, वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा हाताला चिकट लागलं तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या.

व्यायाम झाल्यावर घामेजलेला बूट बॅगेत कोंबून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. लेस सैल करा, आतला तळवा बाहेर काढा, पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे घातले तर ओल लवकर शोषली जाते. उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवला तर तळ चिकटवणारा गोंद सैल होतो, आणि उघडायला सुरुवात होते ती बहुधा बोटांजवळून. तिथे नख घालून महिन्यातून एकदा तपासा. लहान फट असतानाच मोच्याकडून चिकटवून आणि शिवून घेतली तर बूट आणखी काही वर्षं निघतो. भर वजनाखाली तळ निम्मा सुटला तर पाय कुठे जाईल सांगता येत नाही.

हे बूट घालून रस्त्यावर जाऊ नका. जिमच्या दारात बदला. तळ दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, खडूची पूड आणि धूळ गेली की पकड परत येते.